प्लगला करंट नाही आणि तपासणीला मजुरी नाही

या पानावर सूत, सायझिंग, वीजदर, कर्ज आणि जीएसटी यांविषयी नेहमी लिहून येते. आज मी एका जुन्या मोटारसायकलविषयी लिहिणार आहे. कापडवाल्याने मोटारसायकलवर का लिहावे, असे कोणी म्हणेल. पण मालेगावात कापडाचा धंदा करणाऱ्याला विचारा की त्याचा निम्मा दिवस कशावर जातो. लूमवरून ताका उचलून फोल्डिंगला न्यायचा, सायझिंगवर बीम कधी मिळणार याची चौकशी करायची, नमुने घेऊन सटाणा, नामपूर, मनमाड करायचे, उधारी वसूल करायची, हे सगळे दुचाकीवरच होते. गाडी बंद पडली की छोट्या व्यापाऱ्याची रोजी त्या दिवसापुरती बंद पडते. फेरीवाला, प्लंबर, रंगारी, इलेक्ट्रिशियन, सर्वांची हीच गोष्ट आहे.

माझ्या धाकट्या भावाची हिरो होंडाची १०० सीसीची मोटारसायकल होती. २००२ साली घेतलेली, किकची, कार्ब्युरेटरची. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, भाऊ गेला. गाडी गोदामाच्या मागच्या गाळ्यात उभी होती, ती तशीच राहिली. आम्ही तिच्यावर ग्रे कापडाचा एक डागी ताका टाकला आणि विसरलो. भंगारवाले दोनदा विचारून गेले, पण भावजयीने नाही म्हटले. २०२५ च्या उन्हाळ्यात पुतण्या १९ वर्षांचा झाला, त्याने लायसन्स काढले आणि म्हणाला, "चाचा, अब्बांची गाडी काढू या." चार पावसाळे गाडी उभी होती.

गाडी बाजारातल्या एका गॅरेजवर ढकलत नेली. मेकॅनिक तरुण, मेहनती, आपल्याच मोहल्ल्यातला. नाव लिहीत नाही, कारण त्याची तक्रार करण्यासाठी हा लेख नाही. त्याने पेट्रोल बदलले, कार्ब्युरेटर साफ केला, किक मारली. काही नाही. प्लग काढून बघितला आणि म्हणाला, "सेठ, करंट नहीं है." बॅटरी तर मेलेलीच होती, ती नवी टाकली. हॉर्न वाजला, इंडिकेटर लागले, पुतण्याचा चेहरा उजळला. तरी प्लगला ठिणगी नाही. नवा प्लग टाकला. नाही. मग सीडीआय बदलला. नाही. मग कॉइल बदलली. नाही. संध्याकाळी तो म्हणाला, उंदराने वायर खाल्ली असेल, पूर्ण वायरिंग किट टाकावे लागेल, दोन दिवस लागतील आणि आणखी दीड हजार. तोपर्यंतचा हिशेब असा झाला होता : बॅटरी ९५०, सीडीआय ५५०, कॉइल ४००, प्लग ९० आणि मजुरी २५०. एकूण २२४० रुपये, आणि गाडी जिथे होती तिथेच.

मी त्याला पैसे दिले आणि गाडी परत आणली. दोन दिवस राग होता. मग एका जुन्या उस्तादांची आठवण झाली. ते पूर्वी लूमच्या मोटारी दुरुस्त करायचे, आता घराच्या ओट्यावर बसून थोडेफार काम करतात. त्यांच्याकडे एक मल्टिमीटर आहे, एक टेस्ट लॅम्प आहे आणि घाई अजिबात नाही. आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "गाडी बंद पडून उभी राहिली होती, की चालू हालतीत उभी केली होती?" मी म्हटले, चालू हालतीत. भाऊ दवाखान्यात जायच्या आदल्या दिवसापर्यंत चालवत होता. ते म्हणाले, मग चार भाग एकाच वेळी मरणार नाहीत. उभ्या गाडीत भाग कमी मरतात, जोड जास्त मरतात.

हे एक वाक्य मला २२४० रुपयांत मिळायला हवे होते. बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीत काय होते ते त्यांनी मला समजावले, ते मी माझ्या समजुतीप्रमाणे लिहितो. ज्यांच्या घरी अशी गाडी उभी आहे त्यांनी नीट वाचावे.

पहिली मरते ती बॅटरी. ती वापरली नाही तरी आतल्या आत उतरत जाते. उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने राहिली की शिशाच्या पट्ट्यांवर पांढरा कडक थर बसतो आणि मग ती चार्ज घेत नाही. चांगली, पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी काही तास नुसती ठेवून मीटरने मोजली तर १२.६ च्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर ती जवळपास रिकामी समजावी, आणि चार्जर लावूनही १०-११ च्या वर टिकत नसेल तर एखादा सेल गेला आहे. चार्जिंग हळू करावे, बॅटरी जितक्या अँपिअर-तासांची असेल त्याच्या दहाव्या हिश्शाने. अडीच अँपिअर-तासांच्या छोट्या बॅटरीला पाव अँपिअर पुरे. ट्रॅक्टरच्या चार्जरवर ती लावून उकळवणारे लोक मी पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट जोडांची. तांब्या-पितळेच्या पिनांवर ओलाव्याने हिरवी पूड चढते. काचेचा फ्यूज डोळ्यांना अखंड दिसतो, पण त्याच्या टोप्या आणि त्याला पकडणारे चिमटे गंजलेले असतात, त्यामुळे करंट जात नाही. तिसरी गोष्ट अर्थिंगची. गाडीत प्रत्येक बल्बला परतीची वायर बॅटरीपर्यंत गेलेली नसते, चॅसी हीच परतीची वाट असते. जिथे अर्थिंगची वायर चॅसीला बोल्टने कसलेली असते तिथे गंज चढला की सगळी गाडी वेड्यासारखी वागते. इंडिकेटर लावला की मागचा दिवा मंद होतो, हॉर्न दाबला की मीटरचा बल्ब लागतो. असे वेडे चाळे दिसले की आधी अर्थिंग बघायचे. बोल्ट काढावा, खालची जागा झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत घासावी, पुन्हा कसावा. खर्च पाच रुपये.

पण आमच्या गाडीत दिवे आणि हॉर्न व्यवस्थित चालत होते. इथेच पहिला मेकॅनिक फसला आणि मीही फसलो. आम्हाला वाटले, बॅटरी नवी, हॉर्न वाजतो, म्हणजे करंट सगळीकडे आहे, मग प्लगलाच का नाही? उस्ताद हसले. म्हणाले, या गाडीच्या प्लगचा आणि बॅटरीचा काही रिश्ताच नाही. जुन्या किकच्या गाड्यांत एसी सीडीआय असतो. इंजिनाच्या कडेला जे मॅग्नेट फिरते, त्याच्या प्लेटवर ठिणगीसाठी एक वेगळी कॉइल असते. किक मारली की ती स्वतःची वीज बनवते आणि सीडीआयला देते. तिथेच एक छोटी पिकअप कॉइल असते, ती सीडीआयला सांगते की आता सोड. मग सीडीआय ती वीज मोठ्या कॉइलमध्ये सोडतो आणि प्लगला ठिणगी पडते. बॅटरी काढून घरी ठेवली तरी ही ठिणगी पडली पाहिजे. म्हणजे ९५० रुपयांची बॅटरी दिव्यांसाठी लागणारच होती, पण गाडी चालू होत नाही या रोगावर ते औषध नव्हते.

मग ही चालणारी गाडी चावीने बंद कशी होते? हा प्रश्न मी केला आणि त्यातच उत्तर निघाले. एसी सीडीआयच्या गाडीत चावी बंद केली की वीज तोडली जात नाही. उलट सीडीआयकडून एक वायर चावीच्या स्विचपर्यंत येते, आणि चावी बंद झाली की स्विच ती वायर अर्थिंगला जोडतो. ठिणगीची वीज जमिनीत जाते आणि इंजिन बंद पडते. आमच्या गाडीत ही वायर काळी, पांढऱ्या पट्ट्याची आहे. आता विचार करा, ही एक वायर कुठेही सोलली गेली आणि चॅसीला चिकटली, किंवा स्विचच्या आत गंज चढून दोन पत्रे एकमेकांना लागले, तर गाडीला कायम असेच वाटणार की चावी बंद आहे. तुम्ही दहा सीडीआय बदला, वीस कॉइली बदला, ठिणगी पडणार नाही.

उस्तादांनी सीडीआयच्या जोडातून ती एक काळी-पांढरी वायर सुटी केली. प्लग काढून कॅपमध्ये बसवला, त्याची धातूची बाजू इंजिनाच्या हेडला टेकवली, प्लगच्या भोकापासून लांब, कारण भोकातून पेट्रोलची वाफ येते आणि ठिणगीने भडका उडू शकतो. कॅप हातात धरली नाही, लाकडी चिमटा वापरला, कारण सीडीआयचा झटका लहान नसतो. पुतण्याला म्हणाले, मार किक. निळी, कडक ठिणगी, टक्‌ टक्‌ आवाजासह. पुतण्याने आणखी चार-पाच किका उगाचच मारल्या.

पुढचे काम शोधण्याचे होते. टाकी उतरवली. चॅसीच्या मधल्या नळीला लागून वायरिंगची जाडी वळी जाते, तिथे उंदराने चिंध्यांचे घर केले होते. त्या चिंध्या आमच्याच ताक्याच्या होत्या. म्हणजे आम्ही गाडी झाकायला जे कापड टाकले त्याचाच उंदराने गालिचा केला. हँडलच्या मानेजवळ दोन वायरींचे वरचे आवरण खाल्लेले होते, त्यातली काळी-पांढरी चॅसीला चिकटून बसली होती. उस्तादांनी खराब तुकडा कापला, नवा तुकडा सोल्डर केला, वर स्लीव्ह चढवली, टेप गुंडाळली. चावीच्या स्विचवर संपर्क साफ करायचा फवारा मारला. मग त्यांनी एक गोष्ट केली ती मला फार आवडली. नवा सीडीआय आणि नवी कॉइल काढून जुने भाग परत लावले. ठिणगी तशीच निळी. जुने दोन्ही भाग जिवंत होते. ९५० रुपये फुकट गेले होते आणि ते परत मिळणार नव्हते, कारण विजेचा विकलेला माल कोणी दुकानदार परत घेत नाही.

दोन तासांच्या कामाचे त्यांनी दीडशे रुपये मागितले.

आता मी मुद्द्यावर येतो. घरी येऊन मी स्वतःला विचारले, पहिल्याच दिवशी हे उस्ताद म्हणाले असते की नुसते तपासण्याचे पाचशे रुपये होतील, सामान लागले तर वेगळे, तर मी काय केले असते? खरे सांगतो, मी म्हटले असते, "नुसते बघायचे पाचशे? काही टाकले नाही, काही काढले नाही, कशाचे पाचशे?" आणि गाडी पुढच्या गॅरेजवर नेली असती. बाजारातल्या त्या तरुणाला हे पक्के माहीत आहे. त्याला माहीत आहे की दोन तास वायरी चाचपून तो माझ्याकडे रिकाम्या हाताने आला तर मी त्याला पन्नास रुपये देतानाही तोंड वाकडे करीन. पण सीडीआयचा डबा हातात दिसला की मी साडेपाचशे निमूट देतो. त्या डब्यात त्याला दुकानदाराकडून थोडे सुटते. त्यावरच त्याचे घर चालते. आपण शोधण्याचे पैसे देत नाही, डब्याचे देतो, म्हणून आपल्याला डबे मिळतात.

यात त्याची बेइमानी किती आणि आपली कंजुषी किती, याचा हिशेब प्रत्येकाने आपापला करावा. मी माझा केला आहे.

आपल्याच धंद्यात बघा. लूमवर एक तार तुटली तर आपण बीम बदलतो का? विणकर मागे जातो, तुटलेले टोक शोधतो, गाठ मारतो, वई आणि फणीतून पुन्हा भरतो, साचा सुरू करतो. ताण्यात हजारो तारा असतात, त्यातली एक शोधणे हे कसब आहे आणि ते कसब आहे म्हणूनच तो विणकर आहे. ग्रे ताका आला की चेकिंगवाला दिव्यासमोर तो ओढून डाग, भोक, तुटके तार बघतो. त्याने एक मीटर कापडही विणलेले नसते, तरी आपण त्याला मजुरी देतो, कारण त्याचे डोळे नसतील तर अख्खी गाठ पार्टीकडून परत येते. मग मेकॅनिकच्या डोळ्यांची मजुरी का नाही? विणकराला आपण मीटरवर किंवा पिकावर मजुरी देतो आणि मग तक्रार करतो की तो मीटर काढण्याच्या नादात कापडाकडे बघत नाही. ज्या गोष्टीची मजुरी ठरवाल तेवढीच गोष्ट होते, हे आपल्याहून जास्त कोणाला माहीत असणार?

मजुरी कामाआधी ठरलेली असावी, ती अंधारात नसावी, हे आपल्याला मदरशातल्या लहान मुलानेही सांगावे लागू नये. धान्याच्या ढिगात वरचे दाणे कोरडे आणि आतले ओले ठेवणाऱ्याची हदीस आपण प्रत्येक व्यापाऱ्याला ऐकवतो. पण ती विकणाऱ्यासाठी आहे असे समजून आपण मोकळे होतो. जो गिऱ्हाईक दोन तासांचे कसब फुकट घेतो आणि वर घासाघीस करतो, त्याच्या ढिगाचे काय?

म्हणून माझे म्हणणे असे. मोहल्ल्यातल्या मेकॅनिक बंधूंनी एकत्र बसून तपासणीची मजुरी ठरवावी. विजेच्या बिघाडासाठी एका तासाची एक रक्कम, पाटीवर लिहिलेली. तपासणीनंतर गिऱ्हाइकाला चिठ्ठी द्यावी : काय मोजले, काय सापडले, काय बदलावे लागेल आणि काय नाही. बदललेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यावा. आणि चांगल्या हालतीतला एक सीडीआय, एक कॉइल आणि एक प्लग प्रत्येकाने गॅरेजमध्ये नुसता लावून बघण्यासाठी ठेवावा, म्हणजे तपासण्यासाठी गिऱ्हाइकाला नवा डबा विकत घ्यायला लावायची गरज पडणार नाही. यावर एक मेकॅनिक मला म्हणाला, "सेठ, मी पाटी लावली तर गिऱ्हाईक शेजारच्याकडे जाईल." बरोबर आहे, म्हणूनच एकट्याने नाही, सर्वांनी मिळून करायचे आहे. सायझिंगवाले मिळून दर ठरवतात तेव्हा आपण कितीही ओरडलो तरी मानतोच ना? गरीब गिऱ्हाइकाचे काय, असाही प्रश्न आहे. रिक्षा ढकलत आणणाऱ्याकडून तपासणीचे पैसे घेणे जिवावर येते. पण मी ज्या दिवशी २२४० दिले तो दिवस आठवा. गरिबाला तपासणीचे दोनशे जड जातील, न लागणाऱ्या सीडीआयचे साडेपाचशे त्याहून जड जातात. ज्याच्याकडे तेवढेही नसतील त्याला मेकॅनिक सोडतोच, ते आजही होते.

दुसरी गोष्ट आपल्या मुलांची आहे आणि मला ती जास्त टोचते. आपल्याकडे मेकॅनिकी उस्ताद-शागिर्दीने शिकली जाते. बारा-तेरा वर्षांचा मुलगा पान्हे धुण्यापासून सुरुवात करतो. तो इंजिन कानाने ओळखायला शिकतो, हे मोठे कसब आहे. पण वीज कानाने ऐकू येत नाही. पॉइंटच्या जुन्या बुलेटवर हे जमून जायचे. अँपिअरचा काटा समोर असायचा, किक हळू दाबली की पॉइंट मिटताना काटा हलायचा आणि उघडताना परत यायचा. काटा मुळीच हलला नाही तर करंट पोचत नाही किंवा पॉइंट मळले आहेत, एकाच जागी अडून राहिला तर पॉइंट उघडत नाहीत. पॉइंट झिरो पेपरने साफ करायचे, फट फीलर गेजने साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवायची, झाले. उभ्या राहिलेल्या बुलेटचे निम्मे रोग पॉइंटवरच्या थराचेच असायचे.

आज तसे नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींवरून कार्ब्युरेटर गेला. आता पेट्रोलचा पंप विजेवर चालतो, किती पेट्रोल सोडायचे हे एक छोटा संगणक ठरवतो, त्याला चार-पाच सेन्सर खबर देतात. माझ्या भावाच्या गाडीत बॅटरीचा ठिणगीशी रिश्ता नव्हता, या गाड्यांत बॅटरी बसली की पंपही नाही आणि ठिणगीही नाही. म्हणजे दोन गाड्यांचा रोग बाहेरून एकच, प्लगला करंट नाही, आणि इलाज उलटा. हे ज्याला कळत नाही तो डबे बदलत बसणार, आणि इथला डबा साडेपाचशेचा नाही, हजारोंचा आहे. त्याला ते परवडणार नाही. मग गिऱ्हाईक कंपनीच्या वर्कशॉपवर जाईल आणि आपल्या मुलाच्या वाट्याला पंक्चर आणि ऑइल बदलणे राहील. विजेवर चालणाऱ्या स्कूटर रस्त्यावर वाढत आहेत, त्यात तर ऑइलही नाही.

साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. त्यावर तीन गोष्टी शिकल्या तरी पुष्कळ : व्होल्ट मोजणे, वायर अखंड आहे की नाही ते बीपने ऐकणे आणि कॉइलचा ओहम मोजून मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडणे. अडचण मॅन्युअलची आहे. वायरिंगचा नकाशा इंग्रजीत असतो. मी स्वतः उर्दू माध्यमात शिकलो. मला ठाऊक आहे की इंग्रजी अक्षरांचा कागद समोर आला की आपला मुलगा तो घडी करून खिशात ठेवतो. पण हा कागद भाषेचा कमी आणि रंगांचा जास्त आहे. काळा-पांढरा, काळा-पिवळा, काळा-लाल, हिरवा म्हणजे अर्थिंग. ज्याला ताण्यातला रंगांचा क्रम वाचता येतो, चौकडीच्या लुंगीत किती तार निळे आणि किती पांढरे हे ज्याचा बाप तोंडपाठ सांगतो, त्याला हा नकाशा एका महिन्यात वाचता येईल. आमच्या शहरात पैसेवाले लोक आहेत, जलसे होतात, सत्कार होतात. एका हॉलमध्ये दर जुम्म्याला, सुट्टीच्या दिवशी, दोन तास एक निवृत्त आयटीआयचा शिक्षक बसवायला फार खर्च येत नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, इलेक्ट्रिशियनचा आहे. जे दहावी पास आहेत त्यांनी तिकडे जावे. जे शाळा सोडून गॅरेजवर बसले त्यांच्यासाठी हा जुम्म्याचा वर्ग.

ज्यांना गाडी काही महिने उभी ठेवायची आहे, कोणी उमऱ्याला जातो, कोणी मुलाकडे आखातात जातो, त्यांच्यासाठी थोडे. बॅटरी काढून घरात ठेवा, काढताना आधी उणे बाजूची वायर सोडा, आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. कार्ब्युरेटरमधले पेट्रोल काढून टाका. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते ओलावा ओढून घेते आणि बारीक जेट बुजतात. प्लॅस्टिकने गच्च झाकू नका, आत घाम धरतो. कापडाने झाका, पण महिन्या-दोन महिन्यांनी ते उचलून बघा की खाली कोणी संसार थाटला आहे का. सीटखाली आणि टाकीखाली हात घालून बघा. परत काढताना आधी फ्यूज आणि अर्थिंग साफ करा, मग दिवे बघा, मग ठिणगी बघा, आणि ठिणगी निळी असूनही चालू होत नसेल तरच पेट्रोलकडे वळा. प्लगच्या टोकावर साचलेला ओला काळा थर पुसायला विसरू नका.

भावाच्या गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर एकदा पाच वर्षांसाठी वाढवली होती, ती २०२२ साली संपली. तिच्या नूतनीकरणाला तपासणी लागते, हेडलाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर, हॉर्न सगळे चालू असावे लागते. उस्तादांनी ते एका सकाळी जागेवर आणले आणि त्याचेही पैसे मागताना लाजले. मी त्यांना दोन्ही दिवसांचे मिळून आठशे दिले. ते घेत नव्हते. मी म्हटले, उस्ताद, हे बघण्याचे आहेत, टाकण्याचे नाहीत. तेव्हा घेतले.

नवी कॉइल आणि नवा सीडीआय माझ्या गादीच्या खणात पडून आहेत. कोणा गरजूला लागले तर न्यावेत, पैसे नकोत. फक्त न्यायच्या आधी काळी-पांढरी वायर सुटी करून बघावी.